पिंपासमोरचं गाऱ्हाणं

“मेलो म्हणू नको तेका! शेवटचा सांगतंय विमल, परत मेलो म्हटलंस तर ह्या ताट भायर खळ्यात टाकतलंय!”

“मगे काय म्हणू? मुंबयक नोकरेक गेलो म्हणू? तीन म्हयने होयत इले. दर्यान परत दिल्यान नाय, म्हणान काय तो जितो आसा?”

“ता मी ठरयतलंय.”

“तुमी ठरयतलास! तो होतो तेव्हा त्या बाराचा नाव काढला तरी तुमचो पारो चढायचो. आणि आज इस्त्रीचो शर्ट घालून थंयच चललास!”

“पोरान शेवटचा केलला आसा ता. मी बघून येतंय.”

“या बघून. पण उद्या भटजी येतलो. दर्भाचो पुतळो करतलो. तेका अग्नी तुमी देतलास. आधी हां म्हणा, मगे उंबरो वलांडा.”

दाजीने शर्टाची बटणं लावली. सगळी एक घर खाली. सारिका दारात स्कूटरची चावी घेऊन उभी होती. तिला ते दिसलं.

“बाबा, हां म्हणा आणि चला.”

“हां,” दाजी म्हणाला. भिंतीकडे बघून. “थंय गाऱ्हाणा घालतंय. तेका मोकळो कर म्हणान देवाक सांगतंय. उद्या अग्नी देतंय. झाला तुमच्या मनासारख्या?”

हे भांडण खरं आहे. ह्याच्या पुढचं सगळंही खरं आहे.

ज्यांना खाली येऊन ‘फेकू’ लिहायचंय त्यांनी इथेच बंद करा. माझं डोकं लवकर फिरतं.

यंदाची सत्तावीस जानेवारी. मंगळवार. मालवण. दुपारी साडेचार ते संध्याकाळी सात.

रात्र नव्हती. मुद्दाम सांगतो. चांगलं लख्ख ऊन होतं.

दाजी माझा मामा. विमल मामी. सारिका त्यांची मुलगी, मी तिला ताई म्हणतो, इथे नुसतं सारिका लिहितो. जे झालं ते तिच्यासमोर झालं. तिने मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

सुदेश तिचा धाकटा भाऊ. तेवीस वर्षांचा.

सुदेश मालवणात ‘सुकती’, म्हणजे ओहोटी, नावाच्या बारमध्ये कामाला होता. बार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं तसला नाही. वेताच्या खुर्च्या, हळू फिरणारे पंखे, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या. पुण्या-कोल्हापूरची माणसं येऊन तीन-तीन तास बसतात, कोणी उठवत नाही. मालकीण किशोरीताई. वीस वर्षं मुंबईत नोकरी करून परत आलेली.

त्या बारची खासियत म्हणजे पिंपं. लहान लाकडी पिंपं, मांडीवर मावतील एवढी. जुन्या काळापासून चालत आलेली कॉकटेलं बनवायची आणि त्या पिंपात भरून महिना-दोन महिने, कधी तीन महिने मुरवायची. लोणचं मुरवतात तशी. लाकडाचा वास उतरतो, कडूपणा मऊ होतो. हे सगळं सुदेश करायचा. नवीन पिंप आलं की आधी दोन दिवस पाणी भरून ठेवायचा, फळ्या फुगून फटी बुजाव्यात म्हणून. मग दारू भरायची आणि वर खडूने लिहायचं. काय भरलं, कधी भरलं, कधी उघडायचं.

आणि गंमत म्हणजे तो स्वतः पीत नव्हता. जिभेवर थेंब ठेवायचा आणि चूळ भरायचा.

नोव्हेंबरच्या चार तारखेला त्याने शेवटचं पिंप भरलं.

सहा तारखेला, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या सुकतीला तो खडपावर, म्हणजे समुद्रातल्या कातळावर, कालवं काढायला गेला. एकटा. समुद्र खूप आत गेला होता. असा आत गेला की लोक लांबवर जातात.

खडपावर त्याच्या चपला सापडल्या. शेजारी-शेजारी, नीट ठेवलेल्या. कोयता सापडला. अर्धी भरलेली बादली सापडली.

सुदेश सापडला नाही.

आमच्याकडे लोक म्हणतात, समुद्र माणूस ठेवून घेत नाही, तीन दिवसांत परत देतो. दाजीमामा तीन दिवस किनाऱ्यावर बसला. मग आठ दिवस. मग त्याने मान्य करायचंच सोडून दिलं. देह नाही म्हणजे मेला नाही. दहावं नाही, बारावं नाही, काही नाही. मामी रडून रडून सांगायची, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, पोराला वाट करून द्या, असा मधेच लटकत ठेवू नका.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं. एक माणूस मागतो. त्याचं वाक्य तुटलं की उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आम्हाला लहानपणापासून ह्याची इतकी सवय आहे की वाक्यात काय मागितलं ते डोक्यात शिरायच्या आधी तोंडातून व्हय गेलेलं असतं.

आणि एकदा व्हय झालं की ते मागणं पोचलं. परत घेता येत नाही.

आमच्या वाडीचं गाऱ्हाणं दाजीमामाच घालतो. त्याचा आवाज तसा आहे. माडाच्या शेंड्यापर्यंत जाईल असा.

गेल्या दसऱ्याला देवळासमोर सगळे जमले होते. सुदेशही उभा होता, आंघोळ करून, नवा शर्ट घालून. मामाने गाऱ्हाणं सुरू केलं आणि मधेच थांबला. सगळ्यांसमोर बोट दाखवलं.

“सोरो वतणाऱ्यान हंय व्हय म्हणूचा नाय. भायर जा.”

सुदेश गेला. मी बघितलं त्याचं तोंड.

तुम्हीच सांगा. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दारूची बाटली चालते, तिथेच पायरीवर ठेवलेली होती. पण बाटली ओतणारा पोरगा चालत नाही?

जाऊ दे. तर सत्तावीस जानेवारी.

मंगळवारी ‘सुकती’ बंद असते. किशोरीताईनेच सारिकाला फोन केला होता. म्हणाली, “त्याने तारीख लिहून ठेवलीय. मी ते पिंप विकणार नाही. तुम्ही या, तुमच्यासमोर उघडते.”

दाजी दारातच चपला काढून अनवाणी आत गेला. देवळात जातात तसा.

“दाजी, चपला घाला तुमी,” आतून बाबली म्हणाला. बाबली तिथला आचारी, वैभववाडीकडचा. “हंय बाटल्यो फुटतत. पायात काच गेली तर तुमचो झील माका...”

पुढचं त्याने गिळलं. झील म्हणजे मुलगा.

“माका काय?” दाजीने विचारलं.

“शिव्या घालीत. रोज घालायचो. माझ्या कांदो कापण्याक पण नावां ठेवायचो मेलो.”

मेलो हा शब्द निघाला आणि बाबलीने जीभ चावली. पण दाजी हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आमच्यात लाडाने पण मेलो म्हणतात, तेवढ्यापुरता तो शब्द त्याला चालला असेल.

भिंतीला लांब फळी होती. तिच्यावर आठ पिंपं. किशोरीताईने टोकाचं पिंप दाखवलं.

‘नेग्रोनी. भरलं ४ नोव्हेंबर. उघडायचं २७ जानेवारी.’

नेग्रोनी म्हणजे एक कडवट, लाल कॉकटेल. खाली बारीक अक्षरात, ‘कोणी हात लावू नये.’

दाजीने बोट खडूच्या अक्षरांजवळ नेलं. एक सूत अंतर ठेवलं. अक्षरांवरून बोट नुसतं हवेत फिरवलं.

“अक्षर बरा होता रे तेचा,” तो म्हणाला. “माका ठावक नाय होता.”

“सगळं त्याचंच आहे, काका,” किशोरीताई म्हणाली. “मला नुसता बार चालवता येतो.”

बाबलीने पिंप उचलून टेबलावर आणलं. समोर नारळ ठेवला, उदबत्ती लावली. दाजी हात जोडून उभा राहिला. मागे तिघं. सारिका, किशोरीताई आणि बाबली.

दार आतून बंद होतं. कडी सारिकाने स्वतः घातली होती.

दाजीने डोळे मिटले.

तेवढ्यात सारिकाच्या लक्षात आलं...

समुद्र ऐकू येत नव्हता.

खिडक्या सताड उघड्या. पाणी पन्नास पावलांवर. समोर लाटा फुटताना दिसत होत्या. पांढरा फेस दिसत होता.

पण आवाज... नव्हता.

“बा देवा म्हाराजा! दर्याच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज भरून आला. तीन माणसांच्या मानाने जरा जास्तच भरून. सारिकाला वाटलं, रिकामी खोली आहे, घुमत असेल.

“आज ह्या ठिकाणाक, ह्या लेकरान आपल्या हातान जा काय भरून ठेवलेला आसा, ता तुझ्या पायाकडे आणून ठेवलेला आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ह्या वेळी तिने कान दिला.

बाबलीचा आवाज तंबाखूने घोगरा झालेला. किशोरीताईचा बारीक, लाजल्यासारखा. तिचा स्वतःचा.

आणि अजून एक...

किंचित उशिरा आलेला.

सुदेश लहान असताना असाच मागे राहायचा. गाऱ्हाण्यात तो बापाच्या तोंडाकडे बघत उभा असायचा, आणि बघता बघता व्हय म्हणायचं विसरायचा. मग घाईघाईने सगळ्यांच्या शेवटी म्हणायचा. सगळे हसायचे.

सारिकाने मान वळवली नाही. तिला वळवता येईना.

“तेच्या हातान काय चुकला-माकला आसात... बापाशीच्या तोंडातसून काय वायट गेला आसात... ता पायाखाली घाल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ह्या वेळी तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबलीकडे बघितलं.

बाबलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

पुरुषाचा आवाज तरीही आला होता.

भिंतीकडून. जिथून पिंप उचललं होतं, त्या रिकाम्या जागेकडून...

दाजीचे खांदे हलले. त्यानेही ऐकलं होतं. त्याने डोळे उघडले नाहीत. उलट अजून घट्ट मिटले.

आता शेवटचं मागणं. ‘मोकळो कर.’ एवढंच म्हणायचं होतं. घरी हां म्हणून आला होता.

“आणि ह्या लेकराक...” दाजी थांबला.



“ह्या लेकराक... जंय आसात थंयसून... घराक आण म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सारिकाच्या तोंडून निघून गेलं. किशोरीताईच्याही. बाबलीचे हात कधी खाली आले ते त्यालाही कळलं नाही. सवय. जन्माची सवय. वाक्य डोक्यात शिरलं तेव्हा व्हय जाऊन पोचलेलं होतं.

आणि तो चौथा आवाज...

तो ह्या वेळी उशिरा आला नाही.

तो सगळ्यांच्या आधी आला. बापाचं वाक्य पुरं व्हायच्याही आधी.

मग एकदम समुद्राचा आवाज सुरू झाला. असा मोठा की किशोरीताई दचकून खुर्चीवर बसली.

“कोण... कोण बोललं?” तिने विचारलं.

बाबली कडी काढून बाहेर गेला. तो मोटारसायकलवर बसला आणि थेट गावाला गेला. त्याचा एप्रन अजून तिथल्या खिळ्याला आहे. फोन तो उचलत नाही.

“बाबा,” सारिका म्हणाली, “तुमी काय मागलास ह्या?”

“मोकळो कर म्हणणार होतंय.”

“मगे?”

“तेचो आवाज आयकलंय गो.” दाजीने जोडलेले हात सोडले. “बापूस आसंय मी. आवाज आयकल्यावर जा म्हणान कसा सांगू तेका?”

सारिकाने त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

“आणि तू पण व्हय म्हटलंस,” तो म्हणाला.

किशोरीताईने उठून पिंपाची लाकडी तोटी फिरवली. लहान ग्लासात लालभडक धार पडली. दाजीने एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

“कडू आसा,” तो म्हणाला. मग त्या फळीवरच्या रिकाम्या जागेकडे वळला. “पण बरा जमला हा रे तुका. खराच. बरा जमला हा.”

तेवीस वर्षांत त्याने पोराला बरं म्हटलेलं आम्ही कोणी ऐकलं नव्हतं.

तो थांबला. कान देऊन उभा राहिला.

उत्तर आलं नाही. तेव्हाही नाही. आणि नंतर कधीच नाही.

सातला दोघं घरी पोचली. मामी पायरीवर बसली होती. केस विंचरलेले. कुंकू ताजं.

“भटजीक फोन करा,” ती म्हणाली. “उद्या येव नको म्हणान सांगा.”

“कित्याक गो आये?” सारिकाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“कित्याक म्हणजे? सुदेश इलो मां. साडेपाचाक इलो. दमलोलो दिसता. भुतूर निजलो हा, आवाज करू नको.”

दाजी धावत आत गेला.

खाट. खाटेवर गोधडी. खोलीत कोणी नाही.

“खंय आसा? विमल, खंय आसा तो?”

“हो काय हंय! तुमका दिसना नाय?” मामी हसली. “डोळे तपासून घेवा एकदा.”

दुपारी मेलो म्हणणारी बाई. पुतळा करा म्हणून भांडणारी. तीच.

ह्याला आता तीन आठवडे झाले.

मामीला तो दिसतो. मामीशी बोलतो. बाकी कोणाशी नाही. मामा रोज संध्याकाळी त्या खोलीच्या दारात बसतो. “सुदेश, एक शब्द बोल रे. एकच बोल. मगे सोडतंय तुका.”

आतून काही येत नाही. मामी भाजी चिरता चिरता सांगते, “तुमच्याशी बोलाचो नाय म्हणता. दसऱ्याक चार लोकांत हाकललास मां तेका.”

मामा ते ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत बसतो.

पहिले काही दिवस मामी खूश होती. मग म्हणायला लागली, त्याला थंडी वाजते. फेब्रुवारी लागला, अंगाची काहिली होते, आणि ही एकावर एक गोधड्या टाकते. सारिकाने एक गोधडी उचलून उन्हात टाकली. दुपारी बघते तर तिच्यावर पांढऱ्या रेघा. बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

परवा मामी सारिकाला हळूच म्हणाली, “रडता गो तो. तेका भायर जावचा आसा. पण उंबऱ्याभायर पाय पडना नाय म्हणता. बाबांनी आणल्यानी हा, ते सोडतीत तेव्हा.”

“मगे सोड म्हणान सांग बाबांक,” सारिका म्हणाली.

मामीने तिच्याकडे असं बघितलं की सारिका एक पाऊल मागे सरली. “मी कित्याक सांगू? माका तो गावलो हा.”

म्हणजे बघा. मामा सोडत नाही, कारण पोरगा बोलत नाही. पोरगा बोलत नाही, कारण मामा... आणि मामीला तर आता तो हवाच आहे. तिघं त्या घरात एकमेकांना धरून बसलीत, आणि त्यातल्या एकाला थंडी वाजतेय.

सारिकाने काल मला फोन केला. ती स्वतः गाऱ्हाणं घालणार आहे. मागितलेलं परत घेता येत नाही, पण नवं मागता येतं, ‘मोकळो कर’. आज. त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या वाडीत कोणी बघितलेलं नाही. मी तसं म्हटलं तर ओरडली माझ्यावर.

“मगे कोण घालतलो? तू? तुका शब्द तरी येतत? तू फक्त व्हय म्हण. कोणतरी व्हय म्हणाक होया रे.”

किशोरीताई नाही म्हणाली. बाबलीचं सांगितलंच. राहिलो मी.

तिने बजावलंय. वाक्य तुटलं की मोठ्याने म्हणायचं. मधे दुसरा कोणाचा आवाज आला तरी थांबायचं नाही. मामी काही बोलली तरी तिच्याकडे बघायचं नाही.

मला आवाजाची भीती नाही वाटत. खरंच. सुदेशने मला पोहायला शिकवलं, त्याच्या आवाजाला काय घाबरायचं?

मला भीती मामीची वाटते. ‘मोकळो कर’ झाल्यावर ती माझ्याकडे बघेल. मला ठाऊक आहे ती कशी बघेल. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून व्हय निघालं नाही तर...

आणि निघालं तर...

स्कूटरचा हॉर्न वाजतोय. दोनदा वाजला. सारिका दारात आलीय.

मला आता निघायला हवं.